ओठ हलवू नयेत

संत तुकाराम नगर, पिंपरी
बुधवार

तीर्थरूप आबाजीमामांस,

तुमच्या भाच्याचा, म्हणजे उद्धवचा, हात जोडून आणि तोंड मिटून नमस्कार. (तोंड का मिटलं आहे ते पुढे येईलच.) सर्वांत आधी तुमच्या प्रकृतीची चौकशी करतो. तुमचे गुडघे कसे आहेत? गोजामामी मागे म्हणाल्या होत्या की डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. मामा, कुरकुरणाऱ्या गुडघ्याकडे कानाडोळा करू नये. देशासाठी छातीवर गोळ्या झेलणारे लोक मी वाचले आहेत, पण गुडघ्याच्या दुखण्याशी हट्टाने लढून जिंकलेला एकही वीर इतिहासात सापडत नाही. तेव्हा विश्रांती घ्यावी, तेल चोळून घ्यावं, प्रवास टाळावा, आणि रात्रभराचा एसटीचा प्रवास तर कटाक्षाने टाळावा. हे सगळं मी केवळ काळजीपोटी लिहितो आहे (काळजी नेमकी कोणाची, ते शेवटी). इकडे तुमची सूनबाई विजयश्री मजेत आहे. हल्ली तर जरा जास्तच मजेत आहे, त्याचंही कारण पुढे येईल.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटलं असेल. जो भाचा फोनवर 'हॅलो' म्हणण्याआधी प्रस्तावना करतो, आणि ज्याचा फोन आला की मामी निवांतपणे कुकर लावून घेतात, त्याने पत्र का लिहावं? तर मामा, गेल्या शनिवारपासून मी मौनात आहे. घाबरू नका. वैराग्य आलेलं नाही, घशाला काही झालेलं नाही आणि बायकोशी भांडणही नाही. हे सगळं एका परीक्षेपायी घडलं, आणि त्या परीक्षेत मी एकदा आपटलो तो तुमच्यामुळे. रागावू नका. आरोप करायचा तर समोरासमोर करावा असं तुम्हीच शिकवलंत, आणि मौनात असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समोर येता येत नाही.

आधी मूळ प्रकरण सांगतो. तुम्ही औशात सगळ्यांना सांगता की आमचा उद्धव चाकणला कंपनीत वायरमन आहे. ते फारसं चूक नाही. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. तिथली यंत्रं हल्ली एकमेकांशी बोलतात. प्रेस वेल्डिंगला सांगतो की माल निघाला, वेल्डिंग पेंट शॉपला सांगतं की तयार राहा, आणि पेंट शॉप काही बिनसलं तर सगळ्यांना थांबा म्हणतं. (आपल्या भावकीत एवढा संवाद असता तर बांधावरून कोर्टात जावं लागलं नसतं.) त्यांचं हे बोलणं ज्या तारांमधून आणि डब्यांमधून जातं ते नेटवर्क, आणि ते सांभाळणारा मी. कारखाना पत्र्याच्या दोन शेडचा होता आणि कुंपणापलीकडे कांद्याचं रान होतं, तेव्हा पहिली केबल मी स्वतः छताच्या कैचीवर बसून ओढली आहे. पेंट शॉपच्या मागच्या भिंतीत कोणती तार कुठे वळते ते कुठल्याही नकाशात नाही. माणसाला आपलं रान जसं पायांनी कळतं, तसं मला ते कळतं.

आमच्या या धंद्यात एक परदेशी संस्था परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. पूर्वी एकेका विषयाची वेगळी परीक्षा असे. माहितीने कोणत्या वाटेने जावं याची एक, बिनतारी जोडणीची एक, चोरापासून राखण करण्याची एक. मी तिन्ही दिल्या, तिन्ही प्रमाणपत्रं चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली (देवांच्या फोटोंपेक्षा चार बोटं खाली, विजयश्रीच्या आग्रहावरून). आणि मग संस्थेने बदल जाहीर केले. वेगवेगळ्या परीक्षा बंद, सगळ्यांची मिळून एकच. त्यात भर म्हणून आता प्रोग्रॅम लिहिणंही आलं पाहिजे, म्हणजे जे काम आपण हातांनी एकेका डब्यापाशी जाऊन करतो ते संगणकाला चार ओळींत सांगून सगळीकडे एकदम करून घ्यायचं. आणि प्रमाणपत्राला मुदत तीन वर्षांची. मुदत संपली की ते भिंतीवर राहतं, पण आतून गेलेलं असतं. माझी तिन्ही अशी एकापाठोपाठ गेली, आणि मी मात्र त्यांच्यावरची धूळ पुसत राहिलो.

माझं रक्त उसळलं, मामा. तुम्ही मला ओळखता. कॉलनीतल्या मित्रमंडळाच्या व्याख्यानमालेत माझा विषय 'वाचन आणि समाज' असा होता, पण मी पाचव्या मिनिटाला तो सोडला आणि गरजलो की ज्ञानाला कधी मुदत असते का? ज्ञान म्हणजे काय पावाचं पाकीट आहे? लग्नाचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी कोणी नवं करून मागतं का? टाळ्यांचा कडकडाट झाला. (नंतर कळलं की निम्म्या श्रोत्यांना मी बेकरीवाल्यांविरुद्ध बोलतोय असं वाटलं, आणि बायकांच्या बाजूने आलेल्या टाळ्या लग्नाच्या मुद्द्याला होत्या, पण सूचना म्हणून.)

नुसता संताप असता तर तो टाळ्यांत विरघळून गेला असता. पण दुसऱ्याच आठवड्यात आमचे आयटीप्रमुख सुजित साहेब यांनी (वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाजाने त्याहूनही) मला केबिनमध्ये बोलावलं. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक पुढच्या महिनाअखेरीस ऑडिटला येणार आहे, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाकडे चालू मुदतीचं प्रमाणपत्र हवं अशी त्यांची अट आहे. नसेल तर ते काम बाहेरच्या एजन्सीकडे जाईल. मी विचारलं, आणि मी कुठे जाईन? साहेब म्हणाले, "तुमची काळजीच नाही उद्धवराव. सेफ्टीत घेऊ तुम्हाला. आवाज कसला आहे तुमचा. प्रत्येक शिफ्टला हेल्मेटवर दहा मिनिटं बोलायचं, बास." मामा, रोज तीन सभा, श्रोते हमखास, आणि कोणालाही मधून उठून जाता येत नाही. कुठल्याही वक्त्याने असं आमंत्रण डोक्यावर घेऊन नाचावं. पण मी नाचलो नाही. माझ्या तारा दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि मी त्यांच्याच खाली उभा राहून हेल्मेटचा महिमा गाणार. त्या रात्री जेवताना मी गप्प होतो. विजयश्रीने हात लावून ताप बघितला.

आता अन्यायाविरुद्ध आमच्या भागात एक ठरलेली रीत आहे. निवेदन द्यायचं आणि फोटो काढायचा. नळाला पाणी नाही, निवेदन. कुत्री वाढली, निवेदन. आमच्या मंडळाचा अध्यक्ष रणजीत हा मूळचा चऱ्होलीचा, घरच्या शेतीवर आता बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत, त्यामुळे पेरणी-कापणीतून मोकळा झालेला त्याचा सगळा वेळ निवेदनांना मिळतो. तो म्हणाला, "आवं उद्धवराव, निवेदन दिल्याबिगर त्यास्नी कळायचं कसं? आमी हाय ना." निवेदन मी लिहिलं, सात पानं, फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरुवात. प्रश्न एवढाच उरला की द्यायचं कोणाला, कारण संस्था साता समुद्रापलीकडे. मग ठरलं की चिंचवडला त्यांच्या परीक्षा जिथे होतात त्या केंद्रात द्यावं.

केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. टेबलावर निशिगंधा नावाची एक शांत मुलगी. मी निवेदन पुढे केलं, रणजीतने मोबाइल वर धरला, मागच्या वीस कार्यकर्त्यांनी मुठी आवळल्या, आणि ती म्हणाली, "काका, जरा हळू. आत चार जण परीक्षा देतायत. आवाज झाला तर त्यांचा पेपर जाईल." मामा, पेच बघा. विद्यार्थ्यांच्या हक्कासाठी आलेल्या आंदोलनाने विद्यार्थ्यांचाच पेपर घालवायचा? पण आलेले लोक घोषणा दिल्याशिवाय परत कसे जाणार? तेव्हा आम्ही कुजबुजत्या घोषणा दिल्या. "प्रमाणपत्र आमच्या हक्काचं", असं वीस धिप्पाड माणसं एकमेकांच्या कानात सांगत होती. जिना चढून आलेला कुरिअरवाला ते बघून पाकीट तिथेच ठेवून गेला. निशिगंधाने सांगितलं की आमच्याकडे फक्त खुर्च्या, कॅमेरे आणि सामान ठेवायची कपाटं, प्रश्न वरून येतात. रणजीतने वर बघितलं. वर एसी होता. शेवटी आम्ही पोच मागितली तर तिने तिच्याकडचा एकमेव शिक्का मारला. घरी येऊन चष्मा लावून वाचलं, 'आपले सामान आपल्या जबाबदारीवर ठेवावे.' तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, सात पानांच्या निवेदनाला यापेक्षा नेमकं उत्तर कोणी दिलं नसतं.

परतताना खाली रसवंतीवर रणजीतच्या कार्यकर्त्यांचे चेहरे पडलेले बघून मला राहवलं नाही. मी बाकावर उभा राहिलो आणि म्हणालो की ठीक आहे, मुदत तुमची, नियम तुमचे, परीक्षाही तुमची, पण हा उद्धव ती देईल आणि उत्तीर्ण होऊन दाखवील. एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. मी हाताची घडी घातलेला, मागे मोबाइलचा टॉवर, आणि वर ठळक अक्षरांत 'नेटवर्कसम्राट उद्धवराव यांचे परीक्षेतील घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन'. मी धावत रणजीतकडे गेलो. अरे बाबा, परीक्षा अजून द्यायची आहे. तो शांतपणे म्हणाला, "चारचौघात जाहीर केलंत न्हवं? मग झालंच की. आमच्याकडं निवडनुकीतबी असंच असतंय." तेव्हापासून कॉलनीतल्या बायका मला अडवून मोबाइल दाखवतात की स्वयंपाकघरात रेंज येत नाही, तुमच्या टॉवरला सांगा.

अशा दबावाखाली मी परीक्षेला बसलो. घरूनच परीक्षा देता येते हा नव्या काळातला आणखी एक बदल, आणि मला तो सोयीचा वाटला. नियम असा की खोलीत दुसरं कोणी नको, लिहिलेला कागद नको, आणि कॅमेऱ्यामागून कुठेतरी दूर बसलेला एक पर्यवेक्षक सतत तुमच्याकडे बघत राहणार. त्याने आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितली. कॅलेंडर काढा. काढलं. भाषणांची सन्मानचिन्हं झाका. अर्ध्या भिंतीवर चादर टाकली. मग त्याने लिहून कळवलं की खोलीत अजून एक व्यक्ती आहे. मी सगळीकडे बघितलं. ती व्यक्ती म्हणजे तालुका वक्तृत्व स्पर्धेतला माझाच मोठा केलेला फोटो होता, तोंड उघडं, हात वर. त्यालाही उशीचा अभ्रा घातला.

परीक्षा सुरू झाली. मामा, सांगतो, प्रश्न सोपे होते. पहिला वाचताच उत्तर समोर उभं राहिलं. पण पडद्यावर सूचना आली, ओठ हलवू नयेत. मी सावरलो. दुसरा प्रश्न वाचला, पुन्हा सूचना. मला कळेना, आवाज तर मी काढत नव्हतो. मग लक्षात आलं की मी प्रश्न वाचत नव्हतो, सभेला ऐकवत होतो. तिसऱ्या प्रश्नाला माझा उजवा हातही वर गेला. त्या प्रश्नात एका कंपनीची माहिती चुकीच्या वाटेने जात होती, आणि अन्याय दिसला की माझा हात जातोच. पडद्यावर शेवटची सूचना आली आणि परीक्षा रद्द झाली. मला येणाऱ्या उत्तरांसकट.

आता आरोप ऐका. ओठांची ही सवय मला कोणी लावली? ग्रीसमधला तो वक्ता तोंडात खडे धरून समुद्रासमोर बोलायचा अशी गोष्ट तुम्ही सांगितलीत. औशात समुद्र नाही म्हणून मला शाळेमागच्या विहिरीसमोर उभं केलंत, आणि खड्यांनी दात पडतील म्हणून चिंचोके दिलेत. म्हणायचात, "उद्धवा, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्यालासुद्धा तुझ्या ओठांवरून भाषण समजलं पाहिजे." मामा, तो शेवटच्या बाकावरचा बहिरा मला अखेर भेटला. तो कॅमेऱ्यामागे बसला होता, आणि त्याला सगळं समजलं.

दोन दिवस मी पडून होतो. (पडल्या पडल्या बोलत होतो, ते वेगळं.) शेवटी विजयश्री चहा घेऊन आली आणि तिने सरळ उलटतपासणीच घेतली. "अहो, उत्तरं येत होती ना?" सगळी, मी म्हणालो. "मग अडलं कुठे?" तोंडात. "मग तेवढंच बंद करा की." मी सांगितलं की ओठांची सवय चाळीस वर्षांची आहे, ती परीक्षेपुरती जाणार नाही. ती म्हणाली, "परीक्षेपुरती नाहीच म्हणत मी. आजपासून परीक्षेपर्यंत." असा सल्ला देताना बायकोच्या चेहऱ्यावर एवढी चमक असावी का, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. यावेळी मी चिंचवडच्या त्या केंद्रातच जाऊन परीक्षा द्यायची तारीख घेतली. चिंचोके तोंडात धरले तर ओठ आपोआप बंद राहतील म्हणून निशिगंधाला लिहून विचारलं. तिने उत्तर पाठवलं की खाण्याचे पदार्थ चालत नाहीत, आणि काका, या वेळी एकटेच या.

मौनाचा अनुभव सांगू? पहिल्या दिवशी मला वाटलं माझा जीव जाईल. दुसऱ्या दिवशी वाटलं की कोणाच्या तरी लक्षात येईल आणि लोक हळहळतील. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा एरवी सर्वांत शेवटी भरायची. ती आता सर्वांत आधी भरते. भाजीवाली मला कोथिंबीर फुकट देते, तिच्या मते मी आळंदीला जाऊन काहीतरी घेऊन आलोय. आणि विजयश्री तर जेवताना मला तिच्या शाळेतल्या गोष्टी सांगते. मामा, ती बालवाडीत शिकवते हे मला ठाऊक होतं, पण तिच्या वर्गात डबा उघडल्याशिवाय कविता न म्हणणारा एक मुलगा आहे आणि त्याच्यासाठी तिने कवितेचा तास मधल्या सुट्टीत ठेवला आहे, हे मला परवा कळलं. मी हसलो. ती म्हणाली, "दोनदा सांगितलंय मी हे आधी."

खरी गोष्ट मात्र कारखान्यात घडली, आणि तीच सांगायला मी हे पत्र लिहायला बसलो (असं आता मला वाटतं आहे). नव्या परीक्षेतला प्रोग्रॅमचा भाग शिकवायला साहेबांनी तेजस्विनी नावाची एक नवी इंजिनिअर दिली होती. मूळची कोकणातली, राहायला चऱ्होलीच्या नव्या इमारतींत, वय माझ्या पहिल्या केबलएवढं. महिनाभर आमचे तास कसे चालले ते ऐका. ती एक वाक्य सुरू करायची, ते मी पूर्ण करायचो, मग त्यावर यंत्रयुग आणि माणूस असं विवेचन, मग चहा. मी मौन धरल्यावर तिने नेहमीप्रमाणे वाक्य सुरू केलं आणि सवयीने मध्येच थांबली, माझी वाट बघत. मी गप्प. तिने वाक्य पूर्ण केलं. मग दुसरं. मग तासभर ती बोलत होती आणि मला ते सगळं कळत होतं. कारखान्यातल्या सगळ्या डब्यांचा पासवर्ड बदलायचा तर मी दोन रविवार शिडी घेऊन फिरतो. तिचा प्रोग्रॅम ते काम चहा निवायच्या आत करतो. माझ्या ओठांवर आक्षेप आला होता, फार जुना आणि फार सुंदर आक्षेप, पण तो मौनामुळे गिळावा लागला. गिळल्यावर लक्षात आलं की त्यात दम नव्हता. मी फक्त घाबरलो होतो.

पण थांबा, मी काही तिथे नुसता शिष्य म्हणून बसलो नव्हतो. प्रोग्रॅम चालवायच्या आधी तिने तो मला दाखवला, आणि एका ओळीवर माझं बोट अडलं. त्या ओळीने प्रत्येक डबा क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होणार होता. इतर ठिकाणी त्याने काही बिघडत नाही, पण पेंट शॉपच्या मागे एक जुना डबा आहे, तो क्षणभर जरी मिटला तरी तिथली लाइन थांबते आणि भट्टीतला माल करपतो. हे कुठेही लिहिलेलं नाही. आता बोलायचं नाही म्हटल्यावर सांगू कसं? मी आधी ओळीवर बोट ठेवलं, मग रंगाची फवारणी करून दाखवली, मग हाताने गळा कापल्याची खूण केली. शिफ्ट सुटून जाणारी पोरं काचेबाहेर थांबून बघायला लागली. एकाने मला हात जोडले. पण तेजस्विनी ती ओळ पुन्हा वाचून म्हणाली, "सर, पेंट शॉपचा डबा वगळायचा?" मी मान हलवली. तिने तो वगळला, प्रोग्रॅम चालवला, एकही लाइन थांबली नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही बोलत नाही तेव्हा किती स्पष्ट बोलता." तीस वर्षांत मला बऱ्याच शाली मिळाल्या, मामा. असं काही मिळालं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मताची थोडी दुरुस्ती करतो आहे. (मागे घेत नाही, दुरुस्ती करतो आहे.) माणसाच्या अनुभवाला तीन वर्षांची मुदत घालणं मला आजही पटत नाही, आणि उद्या त्या संस्थेचा कोणी समोर आला तर मी त्याला हे सात पानांत सांगेन. पण बदल म्हणजे आपल्याला हाकलण्याचं कारस्थान, हे जे मी व्याख्यानमालेत ठोकून दिलं, ते खरं नाही. पिंपरी-चाकणचा हा सगळा पट्टा बघा. इथे जो माणूस कांदा काढत होता त्याचा मुलगा लेथवर उभा राहिला, लेथ गेलं तेव्हा लोक म्हणाले संपलं, आणि त्याच हातांनी संगणकावर चालणारी यंत्रं शिकून घेतली. लातूर, बीड, परभणीहून ट्रंक घेऊन उतरलेल्या आपल्या पोरांना कोणी विचारलं नव्हतं की तुम्हाला येतं का. आल्यावर यायला लागलं. मी त्यांतलाच एक. एकदा आलं म्हणून शिकणं संपलं, असं मीच कधी ठरवून टाकलं कोण जाणे. माझ्याकडे भिंतीमागच्या तारा आहेत, तेजस्विनीकडे चार ओळी आहेत. दोन्ही एकत्र आल्या तर कुठलीही एजन्सी आमचं काय वाकडं करणार आहे? हे लिहिताना माझा उजवा हात वर गेला होता. पेनसकट. शाईचे थेंब दिसतात ते त्याचे.

अभ्यास चांगला चालला आहे. पूर्वी उत्तरं यायची ती भाषणासारखी, आता येतात ती उत्तरांसारखी. रणजीतने सत्काराचा कार्यक्रम आखला आहे आणि प्रमुख वक्ते म्हणून तुम्हाला फोनवर बोलावलं, तुम्हीही लगेच होकार दिलात आणि दीड तास बोलण्याचं कबूल केलंत, हे कळलं. भाचा म्हणून ऊर भरून आला. गोजामामींना नमस्कार. कुसुमताईचं बाळंतपण नीट झालं ना, ते कळवावं. लोभ आहेच, तो असाच बोलता-न बोलता राहावा.

तुमचा मुका भाचा,
उद्धव

ता. क. सत्कार येत्या रविवारी आहे. परीक्षा त्यानंतरच्या मंगळवारी आहे. हे दोन्ही दिवस तुम्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

ता. क. दुसरा. बघितले असतीलच. एकदा चौकात जाहीर झालेला सत्कार उत्सवमूर्तीला रद्द करता येत नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही. तो फक्त प्रमुख वक्त्यालाच पुढे ढकलता येतो, आणि तेही आजारी पडून. तेव्हा मामा, पत्राच्या सुरुवातीला मी जे तळमळून लिहिलं ते पुन्हा वाचावं. तुमचा डावा गुडघा फक्त आठवडाभर दुखू द्या. व्यासपीठ समोर दिसत असताना तुमच्यासारख्या वक्त्याकडे हे मागणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणालाच कळणार नाही. पण सत्काराला उत्तर द्यावंच लागतं, आणि रविवारी मी एकदा तोंड उघडलं तर मंगळवारी ते मिटणार नाही.

ता. क. तिसरा. हे फोनवर सांगता आलं नसतं, कारण मी मौनात आहे, आणि तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. पत्र आजच वल्लभनगर स्टँडवर लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल.

मामा, विजयश्रीचा नमस्कार. हे पत्र आज बुधवारी, म्हणजे वर लिहिलेल्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी, शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलं. वाचलं. पाठवायचं राहून गेलं, तरी पाठवते आहे, कारण यात माझ्या वर्गातल्या मुलाची गोष्ट आहे आणि ती ह्यांनी बरोबर लिहिली आहे.

सत्काराचं म्हणाल तर मी गुरुवारीच रणजीतभाऊंना सांगितलं होतं की परीक्षा मंगळवारी आहे. ते म्हणाले, "मग फुडच्या रविवारी घेऊ की वैनी, त्यात काय." तुम्हाला त्यांनीच फोन करून नवी तारीख कळवली, तुम्ही हो म्हणालात.

काल मी ह्यांच्यासोबत चिंचवडला गेले होते, खाली रसवंतीवर बसले. दोन तासांनी हे जिना उतरून आले. मागोमाग ती निशिगंधा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आली आणि पास झाल्याची खूण म्हणून मला अंगठा उंचावून आत गेली. मी म्हटलं, झालं ना आता, बोला. हे म्हणाले, "बोलतो." आणि माझ्या शेजारी बसून दोन ग्लास रस सांगितला. आधी तेजस्विनीला फोन लावला. "पोरी, पेंट शॉप आपल्याकडेच राहिलं", एवढंच म्हणाले.

तेव्हा तुमचे गुडघे बरे असू द्या आणि रविवारी नक्की या. दीड तास तुम्ही बोला. ह्यांनी उत्तरादाखल पाच मिनिटं मागितली आहेत. मी दहा द्यायला सांगितली आहेत.